श्वासोपचार प्रश्नोत्तरे : दम्यावरची बायोलॉजिक इंजेक्शने

या वेळी रेस्पिरेटरी थेरपी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रश्न एकाच विषयावर बरेच आले : बायोलॉजिक, म्हणजे दम्याच्या साखळीतली एखादी ठरावीक कडी अडवणारी प्रतिपिंडांची औषधे. म्हणून ते एकत्र घेतले आहेत. ज्यांचा आशय एकच होता, ते जोडून एक केले.

प्रश्न : सहा औषधे, सगळ्यांच्या शेवटी ‘मॅब’. परीक्षेत हमखास गोंधळ होतो. लक्षात कशी ठेवायची?

नावे पाठ करण्याआधी साखळी लक्षात ठेवा, नावे मागून येतात. श्वासनलिकेच्या अस्तराला धूळ, बुरशी, विषाणू, धूर असे काही झोंबले की अस्तराच्या पेशी टीएसएलपी नावाचा संदेश सोडतात. ही साखळीची सुरुवात. पुढे इंटरल्युकिन-४, इंटरल्युकिन-१३ आणि इंटरल्युकिन-५ हे पेशींमधले निरोप्ये तयार होतात. ४ मुळे बी पेशी आयजीई (ॲलर्जीचे प्रतिपिंड) बनवू लागतात, १३ मुळे कफ आणि श्वासनलिकेची चिडचिड वाढते, ५ मुळे इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) वाढतात आणि जास्त काळ जगतात. आयजीई ॲलर्जीची रसायने साठवणाऱ्या मास्ट पेशींवर जाऊन बसते आणि ॲलर्जन (ॲलर्जी उठवणारा पदार्थ) येण्याची वाट पाहते.

आता प्रत्येक औषध या साखळीत कुठे हात घालते ते बघा. ओमालिझुमॅब रक्तात मोकळे फिरणारे आयजीई पकडते. दम्यासाठी मान्यता मिळालेले हे पहिले बायोलॉजिक, अमेरिकेत २००३ साली. मेपोलिझुमॅब (२०१५) आणि रेस्लिझुमॅब (२०१६) इंटरल्युकिन-५ लाच पकडतात. बेनरालिझुमॅब (२०१७) मात्र इओसिनोफिलवरच्या, इंटरल्युकिन-५ झेलणाऱ्या रिसेप्टरला चिकटते आणि नैसर्गिक मारक पेशींकडून तो इओसिनोफिल मारवते. म्हणून मेपोलिझुमॅबवर थोडे इओसिनोफिल उरतात, तर बेनरालिझुमॅबवर आकडा जवळजवळ शून्यावर येतो. डुपिलुमॅब (दम्यासाठी २०१८) ४ आणि १३ या दोघांचा सामाईक रिसेप्टर अडवते. टेझेपेलुमॅब (२०२१) थेट वरच्या टोकाला, टीएसएलपीला पकडते.

नावांतही खूण आहे. शेवटी ‘झुमॅब’ असेल तर प्रतिपिंड मूळचे प्राण्याचे, मानवी साच्यात बसवलेले. नुसते ‘उमॅब’ असेल तर ते पूर्ण मानवी. डुपिलुमॅब आणि टेझेपेलुमॅब दुसऱ्या गटातली.

प्रश्न : दम्याचा जोराचा झटका आलेल्या रुग्णाला बायोलॉजिक दिले तर चालेल का?

नाही. यातले एकही औषध श्वासनलिका रुंद करत नाही. झटक्यात सालब्युटामॉल, इप्राट्रोपियम, स्टिरॉइड आणि ऑक्सिजन हेच.

प्रश्न : रुग्णाला जास्त मात्रेचा इनहेलर चालू आहे, तरी महिन्यात दोनदा नेब्युलायझर लागतो. हा ‘गंभीर दमा’ झाला की नाही?

अजून नाही. ‘अवघड दमा’ आणि ‘गंभीर दमा’ यांत फरक आहे, आणि तो ठरवण्याचे बरेचसे काम थेरपिस्टच्या हातात असते. जास्त मात्रेचे इनहेल्ड स्टिरॉइड आणि दीर्घकाळ चालणारे ब्रॉन्कोडायलेटर (श्वासनलिका रुंद करणारे औषध) नियमित आणि नीट घेऊनही, शिवाय बाकीचे अडथळे दूर करूनही दमा आटोक्यात येत नसेल, तर तो गंभीर. ‘नीट’ आणि ‘नियमित’ हे शब्द केस पेपरवर सहज लिहिले जातात. ते प्रत्यक्ष तपासलेले फार थोड्या वेळा असतात.

‘पंप घेता का?’ असे विचारू नका, कारण उत्तर ‘हो’च येते. रुग्णाचा स्वतःचा इनहेलर त्याच्या हातात द्या आणि नेहमीसारखा घ्यायला सांगा. तोपर्यंत सूचना देऊ नका, नुसते बघा. सगळ्यात जास्त आढळणारी चूक उलटापालटीची असते. फवाऱ्याचा पंप जोरात ओढला जातो आणि पावडरचे उपकरण हळू ओढले जाते, पाहिजे नेमके याच्या उलट. फवाऱ्याच्या पंपात श्वास सावकाश, चार-पाच सेकंद आत घ्यायचा. जोरात ओढला तर औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आदळून तिथेच राहते. पावडरच्या उपकरणात पहिल्या क्षणापासून जोर हवा, नाहीतर पावडरचे गठ्ठे फुटत नाहीत. दोन्हींत नंतर शक्यतो दहा सेकंद श्वास रोखायचा. पावडरच्या उपकरणात तोंड लावून श्वास बाहेर सोडणारेही बरेच असतात, त्या ओलीने पुढची मात्रा चिकटून बसते.

मग डोस काउंटर बघा. ६० मात्रांचे उपकरण, दिवसातून दोनदा एक मात्रा, म्हणजे महिनाभरात ते रिकामे व्हायला हवे. दोन महिन्यांनी काउंटर ३५ दाखवत असेल तर तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे. बाकी यादी नेहमीची : धूम्रपान, नाकाचा आणि सायनसचा आजार, आम्लपित्त, लठ्ठपणा, झोपेतला श्वासरोध, रक्तदाब-हृदयविकाराच्या बीटा ब्लॉकर गोळ्या किंवा त्याच गटातले डोळ्यांचे थेंब (थेंबांबद्दल मुद्दाम विचारावे लागते), आणि स्वरयंत्राचा आवळ, जो घरघरीसारखा ऐकू येतो. एवढे सगळे निस्तरल्यावर जे उरतात, ते गंभीर दम्याचे. सगळ्या दमेकऱ्यांत असे चारेक टक्केच धरले जातात.

प्रश्न : फेनो (श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण) ६२ पीपीबी, म्हणजे अब्जात ६२ भाग आला, पण रक्तातले इओसिनोफिल ४० च. यंत्र बिघडले म्हणायचे का?

यंत्रावर संशय घेण्याआधी गोळ्यांची यादी बघा. रुग्ण प्रेडनिसोलोनवर (तोंडावाटेचे स्टिरॉइड) असेल किंवा गेल्या आठवड्यात झटक्यासाठी कोर्स झाला असेल, तर रक्तातले इओसिनोफिल झटकन खाली जातात. असा ४० चा आकडा काही सिद्ध करत नाही. तोंडावाटेच्या स्टिरॉइडचा कोर्स संपल्यावर निदान एक-दोन आठवडे थांबून, किंवा गोळ्या थांबवता येत नसतील तर कमीत कमी मात्रेवर असताना पुन्हा तपासायचे. एकदा कमी आले म्हणून नावावर फुली मारू नये, असे तीनदापर्यंत करून बघतात. शिवाय गेल्या दोन वर्षांचे जुने रक्ताचे रिपोर्ट मागवा. त्यातला एखादा ४२० चा आकडा सगळे चित्र बदलतो.

याउलट फेनोच खोटा असण्याचीही कारणे आहेत. चाचणी स्पायरोमेट्रीच्या (जोरात फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजण्याच्या) आधी करायची, कारण जोराने फुंकण्याच्या प्रयत्नांनी आकडा खाली जाऊ शकतो. श्वास सोडण्याचा वेग सेकंदाला ५० मिलिलिटर हवा. वेग वाढला की आकडा घसरतो, कमी झाला की चढतो. प्रौढाने दहा सेकंद सोडायचा, लहान मुलांना सहा पुरतात. सिगारेट ओढणाऱ्याचा फेनो कमी येतो, पालेभाज्या आणि बीट यांसारखे नायट्रेट असलेले पदार्थ खाऊन आलेल्याचा जास्त. प्रौढांत २५ च्या खाली कमी आणि ५० च्या वर जास्त, असा सर्वसाधारण अर्थ लावतात. आणि वरचा इनहेलरचा मुद्दा इथेही येतो : जास्त फेनोचे एक साधे कारण म्हणजे इनहेल्ड स्टिरॉइड फुफ्फुसात जातच नसणे.

प्रश्न : आयजीई ९०० आहे, ॲलर्जीचा इतिहास आहे. मग ओमालिझुमॅबच ना?

आयजीई जास्त म्हणजे ओमालिझुमॅब, हा विद्यार्थ्यांचा लाडका गैरसमज आहे. एकूण आयजीई मात्रा ठरवायला लागते, औषध निवडायला नाही. औषध निवडताना तीन गोष्टी बघतात : वर्षभर भेटणाऱ्या हवेतल्या ॲलर्जनची (धुळीतले माइट, झुरळ, बुरशी, पाळीव प्राणी) ॲलर्जी त्वचा-चाचणीत किंवा रक्ततपासणीत सिद्ध आहे का, त्या ॲलर्जनने त्रास खरोखर वाढतो का, आणि वजन व आयजीई मात्रेच्या तक्त्यात बसतात का. १२ वर्षांवरच्यांसाठी अमेरिकी तक्ता आयजीई ३० ते ७०० पर्यंत आहे, युरोपीय तक्ता १५०० पर्यंत जातो. म्हणजे तुमचा रुग्ण एका तक्त्याच्या बाहेर आणि दुसऱ्यात कदाचित आत, वजनावर अवलंबून.

९०० सारखा आकडा दिसला की आणखी एक दार ठोठवायचे : ॲस्परजिलस बुरशीमुळे होणारा फुफ्फुसांचा ॲलर्जिक आजार आहे का? ॲस्परजिलसविरुद्धचे आयजीई आणि छातीचे स्कॅन त्यासाठी. आतड्यातल्या जंतांनीही आयजीई आणि इओसिनोफिल दोन्ही वाढतात. जंत असतील तर बायोलॉजिक सुरू करण्याआधी त्यांचा उपचार करायचा, कारण आपण जी साखळी तोडणार आहोत तीच जंतांशी लढते.

इओसिनोफिल १५० किंवा ३०० च्या वर, वारंवार झटके, दमा मोठेपणी सुरू झालेला, नाकात पॉलिप : अशा रुग्णाला इंटरल्युकिन-५ च्या बाजूची औषधे चांगली लागू पडतात. फेनो २५ च्या वर, सोबत एक्झिमा किंवा पॉलिप : डुपिलुमॅबकडे कल. कुठलाच आकडा वर नाही : टेझेपेलुमॅबचा विचार होतो, त्याला आकड्याची अट नाही, तरी आकडे वर असतील तर त्याचाही गुण जास्त येतो. निवड किती महत्त्वाची आहे ते मेपोलिझुमॅबच्या इतिहासात दिसते. सरसकट दमेकऱ्यांवरच्या पहिल्या चाचण्यांत ते फसले. २००९ मध्ये इओसिनोफिल वाढलेलेच रुग्ण निवडले, तेव्हा झटके कमी झाले. औषध तेच होते.

प्रश्न : ओमालिझुमॅबची मात्रा तक्त्यातूनच का काढायची? सूत्र आहे ना?

सूत्र आहे : दर चार आठवड्यांना किमान ०.०१६ मिलिग्रॅम गुणिले वजन किलोत गुणिले आयजीई. पण त्यावरून थेट मात्रा देत नाहीत. ५५ किलो वजन आणि आयजीई १८० घ्या. गुणाकार १५८ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. तक्ता मात्र दर चार आठवड्यांना ३०० सांगतो. कारण तक्ता कप्प्यांचा आहे. ६० किलोपर्यंत आणि २०० पर्यंतच्या कप्प्यातल्या सगळ्यांत वरच्या टोकाच्या रुग्णाला १९२ लागतात, १५० कमी पडतात, म्हणून पुढची पायरी ३००. वजन बरेच बदलले तर मात्रा पुन्हा काढायची.

आयजीई मात्र पुन्हा मोजायचे नाही. उपचार सुरू झाल्यावर एकूण आयजीई वाढलेले दिसते, कारण औषधाला चिकटलेले आयजीई रक्तातून सावकाश निघते आणि प्रयोगशाळा तेही मोजते. औषध थांबवल्यावरही वर्षभर आकडा चढा राहू शकतो. सुरुवातीचाच आकडा धरायचा, आणि म्हणून तो फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात हवा.

प्रश्न : ओमालिझुमॅबची कुपी विरघळवताना फेस झाला आणि आत जेलीसारखे काही राहिले. कुठे चुकले?

कुपी हलवली गेली. हे प्रथिन आहे, खळखळून हलवले की फेसाळते आणि मग मोजून घेणे अशक्य होते. १५० मिलिग्रॅमच्या कुपीची पद्धत अशी. ३ मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये १८ गेजच्या सुईने इंजेक्शनसाठीचे निर्जंतुक पाणी १.४ मिलिलिटर घ्या. कुपी टेबलावर उभी ठेवून पाणी थेट पावडरवर सोडा. कुपी उभीच धरून मिनिटभर गोल फिरवा, पाणी सगळ्या पावडरला लागले पाहिजे. मग खाली ठेवा आणि दर पाच मिनिटांनी पाच-दहा सेकंद फिरवा. पंधरा ते वीस मिनिटे लागतातच. जेलीसारखे कण दिसत असतील तर आणखी थांबा, पण ४० मिनिटांतही विरघळले नाही तर ती कुपी बाद. कडेला थोडे बुडबुडे राहिले तर चालतात.

काढतानाही घाई चालत नाही. कुपी उलटी करून पंधरा सेकंद थांबा, द्रव दाट असल्याने बुचाकडे सावकाश उतरतो. नवीन सिरिंज आणि १८ गेजच्याच सुईने तो ओढून घ्या, सुई बाहेर काढण्याआधी दट्ट्या पार मागे खेचा. मग सुई बदलून २५ गेजची लावा, हवा आणि जादा द्रव काढून १.२ मिलिलिटरवर या. ते झाले १५० मिलिग्रॅम, ७५ साठी ०.६ मिलिलिटर. त्वचेखाली टोचायला पाच ते दहा सेकंद लागतात. कुपीतून देताना एका जागी १५० पेक्षा जास्त देत नाहीत, म्हणजे ३७५ साठी तीन टोचण्या. तयार द्रव फ्रिजमध्ये आठ तास, बाहेर चार तास.

आणि एक : रुग्ण आल्याची खात्री झाल्याशिवाय पाणी घालू नका.

प्रश्न : इंजेक्शननंतर रुग्णाला किती वेळ बसवायचे? अर्धा तास सगळ्यांनाच पुरतो का?

ओमालिझुमॅबच्या पहिल्या तीन वेळांना दोन तास आणि पुढे अर्धा तास, ही रूढ पद्धत आहे. ॲनाफायलॅक्सिसचे (अंगभर उठणाऱ्या, जिवावर बेतू शकणाऱ्या ॲलर्जीचे) प्रमाण थोडे आहे, हजारात एक-दोन, पण त्याची वेळ फसवी असते. बहुतेक प्रसंग पहिल्या दोन तासांत होतात, काही मात्र चोवीस तासांनी किंवा त्याही नंतर, आणि वर्षभर विनातक्रार औषध घेतलेल्यांनाही झाले आहेत. म्हणून घरी जातानाच्या सूचना इंजेक्शनइतक्याच गंभीरपणे द्यायच्या. रेस्लिझुमॅब शिरेतून, किलोला ३ मिलिग्रॅम, २० ते ५० मिनिटांत देतात. त्याच्या माहितीपत्रकातही ॲनाफायलॅक्सिसचा ठळक इशारा आहे.

थेरपिस्टची खरी पंचाईत पुढे होते. दमेकरी रुग्ण इंजेक्शननंतर वीस मिनिटांनी धापा टाकू लागला, छातीत घरघर आहे. हा दम्याचा झटका की ॲनाफायलॅक्सिस? हात नेब्युलायझरकडे जातो. तो जाण्याआधी अंगावर पित्त, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, उलटी, पोटात कळ, गरगरणे, रक्तदाब यांकडे पाहा. यांतले काही असेल तर ॲनाफायलॅक्सिस धरायचा. पण पुरळ नसला तरी गैरसमज नको, औषध दिल्यावर लगेच आलेला नुसता श्वासनलिकेचा आवळसुद्धा ॲनाफायलॅक्सिस असू शकतो. शंका असेल तर ॲड्रेनालिन द्यायचे. मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात, स्नायूत, किलोला ०.०१ मिलिग्रॅम, प्रौढाला जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम. १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम या द्रावणाचे ते अर्धा मिलिलिटर होते. पाच ते पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा. रुग्णाला आडवे करून पाय उचलायचे, धाप जास्त असेल तर बसू द्यायचे, पण एकदम उभे करायचे नाही. चालत दुसऱ्या खोलीत न्यायचे तर मुळीच नाही. ऑक्सिजन आणि सालब्युटामॉल यानंतर. अँटीहिस्टामिन आणि स्टिरॉइड त्याच्याही मागे.

टोचण्याआधीचे दोन प्रश्नही तुमचेच : आज दमा कसा आहे, आणि बीटा ब्लॉकर चालू आहे का? पीक फ्लो (जोरात फुंकल्यावर हवेचा सर्वाधिक वेग) नेहमीपेक्षा खूप घसरला असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. बीटा ब्लॉकरवर ॲड्रेनालिन नीट चालत नाही, अशा वेळी ग्लुकॅगॉन लागू शकते. ते कपाटात आहे का, हे शांत दिवशी बघून ठेवायचे.

प्रश्न : रुग्ण घरी पेन टोचतो. औषध अंगावर सांडले म्हणतो. मात्रा गेली की नाही कसे कळणार?

थेंबभर ओल नेहमीचीच. ओघळ आला असेल तर मात्रा अर्धवट गेली समजा, पण लगेच दुसरे पेन टोचू देऊ नका, आधी डॉक्टरांना कळवायचे. कारण बहुधा एकच असते : पहिला ‘टक’ आवाज आला की लोक पेन उचलतात. पहिला आवाज सुरुवातीचा, दुसरा शेवटाकडचा. खिडकीचा रंग पूर्ण बदलेपर्यंत, साधारण पंधरा सेकंद, काटकोनात दाबून धरायचे.

दुसरे कारण थंड औषध. २ ते ८ अंशांवरून काढलेले पेन बाहेर आपोआप कोमट होऊ द्यायचे : मेपोलिझुमॅब आणि बेनरालिझुमॅब अर्धा तास, डुपिलुमॅबचे ३०० मिलिग्रॅम पाऊण तास, टेझेपेलुमॅब तासभर. गरम पाणी, मायक्रोवेव्ह, ऊन काही नाही. गोठलेले औषध वितळवून वापरायचे नाही. जागा मांडीची किंवा पोटाची, बेंबीभोवती पाच सेंटिमीटर सोडून. दंडात दुसऱ्याने टोचायचे.

अंतरांतही चुका होतात. बेनरालिझुमॅब ३० मिलिग्रॅम पहिल्या तीन वेळा दर चार आठवड्यांनी, मग दर आठ. डुपिलुमॅबची पहिली मात्रा दुप्पट, ४०० किंवा ६०० मिलिग्रॅम, दोन वेगळ्या जागी, पुढे दर दोन आठवड्यांनी २०० किंवा ३००. मेपोलिझुमॅब १०० आणि टेझेपेलुमॅब २१० दर चार आठवड्यांनी, यांत बदल नाही.

प्रश्न : दोन महिन्यांत फरक नाही, औषध बंद करायचे का? आणि ज्यांना फरक पडला त्यांनी इनहेलर सोडले तर?

दोन महिने कमी आहेत. निदान चार महिने बघायचे, चित्र अर्धवट असेल तर सहा ते बारा. ओमालिझुमॅबमध्ये मोकळे आयजीई काही तासांतच उतरते, पण मास्ट पेशींवरचे रिसेप्टर कमी व्हायला आठवडे जातात. मोजणी आधीपासून ठरलेली हवी : वर्षातले झटके, प्रेडनिसोलोनची मात्रा, एसीटी गुण (दमा कितपत आटोक्यात आहे याची प्रश्नावली, २५ पैकी, तीन गुणांची वाढ अर्थपूर्ण), एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात जोराने बाहेर सोडलेली हवा). स्पायरोमेट्री दोन्ही वेळी सारख्याच अवस्थेत करायची. पहिली ब्रॉन्कोडायलेटर न घेता आणि दुसरी घेऊन केली, तर ती तुलना औषधाची राहत नाही. फुफ्फुसांची क्षमता फारशी वाढली नाही पण झटके चारावरून एकावर आले, तर औषध लागू पडले आहे.

डुपिलुमॅबवर इओसिनोफिल मधल्या काळात वाढलेले दिसतात. ते रक्तातून ऊतींमध्ये शिरणे अडते, म्हणून रक्तात साचतात. बहुतेक वेळा आपोआप उतरतात. पण आकडा १५०० च्या वर जाऊन पायांवर पुरळ, हातापायांत मुंग्या, छातीची नवी लक्षणे दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना. तोंडावाटेचे स्टिरॉइड उतरवताना रक्तवाहिन्यांचा लपलेला दाह असा वर येऊ शकतो.

बरे वाटू लागलेले रुग्ण आधी इनहेलर सोडतात, कारण दोन आठवड्यांनी एकदा टोचणे सोपे आणि रोज दोनदा ओढणे कंटाळवाणे. क्रम उलटा हवा. आधी कमी करायच्या त्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या, त्याही डॉक्टरांच्या सांगण्याने, टप्प्याटप्प्याने. मात्रा ५ मिलिग्रॅमच्या आसपास आली की सकाळचे कॉर्टिसॉल (शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड) तपासतात, कारण गोळ्यांमुळे वर्षानुवर्षे झोपलेली अधिवृक्क ग्रंथी लगेच जागी होत नाही. या काळात रुग्ण थकवा, मळमळ, उभे राहिल्यावर चक्कर सांगेल आणि फेनो, पीक फ्लो दोन्ही उत्तम असतील. तो दमा नव्हे, रक्तदाब आणि साखर मोजा आणि डॉक्टरांना बोलवा. इनहेल्ड स्टिरॉइडची मात्रा त्यानंतर मध्यमपर्यंत आणता येते, पूर्ण बंद करत नाहीत. म्हणून प्रत्येक भेटीत इंजेक्शन टोचून झाले तरी काउंटर बघायचाच.